साळ कधी पेरायची? तारीख फुलोऱ्यापासून मागं मोजा

कोकणात भात म्हणतात, भंडारा-गोंदियाकडं धान, आमच्या किनवटकडं साळ. मराठवाड्यात साळ म्हटलं की बाकीचे जिल्हे हसतात, पण ज्याच्या वावरात खोलगट तुकडा आहे त्याला विचारा. माझ्या दोन एकरांत दर श्रावणातल्या झडीत सोयाबीन पिवळं पडून सडायचं. शेवटी कंटाळून तिथं साळ पेरायचं ठरवलं.

पहिल्या वर्षी मी काय केलं, तर आधी सोयाबीन, मग कापूस, आणि सगळं उरकल्यावर उरल्या वेळात साळ. तारीख होती २५ जुलै. पीक असं हिरवंगार आलं की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. दिवाळीच्या तोंडावर साळ निसवली, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या. पंधरा दिवस झाले, वीस झाले, लोंब्या आपल्या काठीसारख्या ताठ. शेजारच्या वावरातले आबा बांधावर आले, एक लोंबी हातात घेऊन म्हणाले, "बाळा, लोंबी मान खाली घालत नाही म्हंजी तिच्या पोटात काही नाही." दोन एकरांत सात पोती झाली, आणि उफणताना त्यातलंही बरंच वाऱ्यावर गेलं.

मी खताला दोष दिला, बियाण्याला दिला. खरी चूक तारखेची होती. तुम्ही पहिल्यांदा साळ पेरणार असाल तर ती चूक टाळण्यापुरतं इथं सांगतो.

१. आधी साळीच्या वयाचे तीन तुकडे करा

बियाणं घेताना दुकानदार "१२० दिवसांची आहे" एवढंच सांगतो. त्या १२० दिवसांत तीन वेगळे काळ असतात, आणि ते शेवटाकडून मोजले तरच नीट कळतात.

शेवटचे साधारण ३० दिवस दाणा भरून पिकण्याचे. त्याआधीचे ३० ते ३५ दिवस लोंबी पोटात तयार होऊन बाहेर पडण्याचे. हे दोन काळ जवळजवळ सगळ्या वाणांत सारखेच. उरलेला पहिला काळ उगवण आणि फुटव्यांचा, म्हणजे बुडातून नव्या काड्या फुटण्याचा. लवकर येणारं वाण आणि उशिरा येणारं वाण यांतला फरक इथंच असतो. म्हणजे १२० दिवसांच्या साळीला फुटव्यांसाठी ५५ दिवस मिळतात आणि १०० दिवसांच्या साळीला ३५.

फुलोरा कधी येणार, तर वाणाच्या एकूण दिवसांतून ३० वजा करा. १२० दिवसांचं वाण असेल तर पेरणीपासून साधारण नव्वदाव्या दिवशी. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

२. कोणत्या काळात किती ऊन, किती थंडी सोसते

साळ उष्ण हवेचं पीक आहे हे खरं, पण सगळ्या वयात नाही. फुटव्यांच्या काळात ती दांडगी असते. पारा ३५ पर्यंत गेला तरी ओल असेल तर तिचं फारसं काही बिघडत नाही. नाजूक दिवस दोनच ठिकाणी येतात.

पहिली जागा पोटरीची. निसवण्याच्या दहा-बारा दिवस आधी, लोंबी अजून पोटात असताना, तिच्या फुलांत पराग तयार होत असतात. त्या दिवसांत रात्रीचा पारा सलग १५ ते २० अंशांच्या दरम्यान घसरला तर पराग नीट बनत नाहीत. बाहेरून काहीच दिसत नाही, लोंबी वेळेवर येते, पण पोचट. हाच घाव मला बसला होता.

दुसरी जागा फुलोऱ्याची. साळीचं फूल सकाळी साधारण ९ ते १२ च्या दरम्यान उघडतं आणि तास-दीड तासात मिटतं. एका लोंबीचा फुलोरा शेंड्याकडून खाली उतरत पाच-सात दिवस चालतो. फूल उघडं असताना हवा ३५ अंशांच्या वर गेली की परागकोश फुटत नाहीत, फुटले तरी पराग रुजत नाही, दाणा धरत नाही. खरिपात आपल्याकडं ही वेळ क्वचित येते. उन्हाळी साळीत हमखास येते, तिच्याबद्दल शेवटी.

तिसरा मुद्दा रात्रीच्या उकाड्याचा. रात्र गरम राहिली की दिवसा कमावलेलं पीक रात्री श्वासोच्छ्वासात खर्च करतं. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या १९९२ ते २००३ च्या नोंदींवरून २००४ साली असं मांडलं गेलं की कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान १ अंशानं वाढलं की उत्पादन सुमारे १० टक्के घटतं. तो आकडा तिथल्या हंगामाचा आहे, आपल्या वावराला जसाच्या तसा लावू नका. पण दाणा भरताना रात्री जरा थंड असलेल्या बऱ्या, हे आपल्याकडचे जुने लोकही सांगतात. सुवासिक साळीचा वास तर अशा रात्रींतच टिकतो.

थोडक्यात, पोटरीला रात्र गार नको, फुलोऱ्याला दुपार तापलेली नको, आणि दाणा भरताना दिवस उघडा, रात्र बेताची गार हवी. मराठवाड्यात हे सगळं एका ओळीत जुळतं ते सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत. म्हणजे फुलोरा उत्तरा नक्षत्रात, फार तर हस्ताच्या सुरुवातीला यायला हवा.

३. आता मागं मोजा

फुलोरा २३ सप्टेंबरच्या आसपास हवा, वाण १२० दिवसांचं. नव्वद दिवस मागं गेलात की २५ जून येतो. आर्द्रा नुकत्याच लागलेल्या असतात. कापणी २३ ऑक्टोबरच्या सुमारास. हा झाला चांगला हिशेब.

माझा हिशेब बघा. २५ जुलैला पेरलं, तर फुलोरा २३ ऑक्टोबर, आणि परागाचे नाजूक दिवस ११ ऑक्टोबरच्या पुढं. तोवर पाऊस परतलेला, आभाळ निरभ्र, आणि आभाळ उघडलं की आपल्याकडं पहाटेचा पारा लगेच उतरतो. वर जमिनीतली ओल संपत आलेली. थंडी आणि तहान, दोन्ही एकाच आठवड्यात दारात.

उशिराच्या पिकाचे दिवसही लांबतात. याचा हिशेब सोपा आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवा, दोननं भागा, त्यातून १० वजा करा. साळीसाठी १० अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते असं धरतात, म्हणून १०. आलेला आकडा म्हणजे त्या दिवशी पिकाला मिळालेली ऊब. कमाल ३२, किमान २४ असेल तर सरासरी २८, ऊब १८. नोव्हेंबरात कमाल २९, किमान १५ असेल तर सरासरी २२, ऊब १२. जो दाणा १८ च्या हिशेबानं ३० दिवसांत भरला असता, त्याला १२ च्या हिशेबानं ४५ दिवस लागतात. ते पंधरा दिवस पाणी कुठून देणार?

मग फार लवकर पेरावं का? तेही नाही. ११० दिवसांचं वाण १५ जूनला पेरलंत तर फुलोरा ३ सप्टेंबरला, पावसाच्या ऐन धारेत. ढगाळ हवेत दाणा भरायला ऊन पुरत नाही. कापणी येते ३ ऑक्टोबरला, म्हणजे परतीच्या पावसाच्या तोंडात. २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस 'गुलाब' चक्रीवादळाच्या पावसानं मराठवाड्यात काय केलं ते आठवत असेल. पिकलेली साळ अशा पावसात आडवी झाली की लोंबीवरच कोंब येतात.

म्हणून लवकर येणारं वाण असेल तर घाई नको, आणि उशिरा येणारं असेल तर पहिल्या वाफशाला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी ओलसर झाली की लगेच, चाड्यावर मूठ धरायची, पेरणी सुरू करायची. आमच्याकडं बरेच जण नेमकं उलट करतात.

४. पेरणीआधी हाताशी काय हवं

कागदं:

- सातबारा आणि आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक
- माती परीक्षणाचा अहवाल. त्यात मुक्त चुन्याचं प्रमाण आणि लोह आधी बघा, कारण पाचव्या मुद्द्यात येईल
- बियाण्याचं बिल आणि पिशवीवरची खूणचिठ्ठी. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते. पोतं रिकामं झालं तरी ती फाडून फेकू नका
- पीक विमा उतरवायचा असेल तर तुमच्या महसूल मंडळात भात अधिसूचित आहे का ते आधी विचारा. मराठवाड्यातल्या बऱ्याच मंडळांत सोयाबीन-कापसाचाच विचार असतो. ई-पीक पाहणीत नोंद करताना 'भात' निवडा, वावर साळीचं आणि नोंद सोयाबीनची अशी गफलत दरवर्षी होते

अवजारं आणि वस्तू:

- तिफण किंवा ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र, कोळपं
- कमाल-किमान दाखवणारा तापमापक. भिंतीवर उन्हात टांगू नका. सावलीत, वारा लागेल असा, जमिनीपासून चार फुटांवर
- पर्जन्यमापक, आणि एक वही
- दाढी करायचं पातं. हसू नका, सहाव्या मुद्द्यात लागतं

तापमापक नसला तरी अडत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो मोबाइलवर मिळवा. पण तुमचं वावर खोलगट असेल तर पहाटे तिथली हवा गावापेक्षा गार असते, गार हवा पाण्यासारखी खाली साचते. माझ्याकडं बांधावरच्या आणि खालच्या तुकड्याच्या पाऱ्यात फरक दिसतो. साळ नेमकी खालच्याच तुकड्यात असते.

वाणाचं म्हणाल तर परभणीच्या विद्यापीठानं पेरसाळीसाठी, म्हणजे रोपं न लावता थेट पेरायच्या साळीसाठी, तेरणा, प्रभावती, पराग, अंबिका, अविष्कार असे वाण दिलेले आहेत. घेताना चवीच्या आधी दिवस विचारा. आणि गावात किंवा जवळपास साळ भरडून देणारी गिरणी आहे का, तेही. मी पहिल्या वर्षी सात पोती टेम्पोत घालून दुसऱ्या तालुक्यात नेली होती.

५. पेरणी

वाफसा येईपर्यंत थांबा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाल्याशिवाय पेरू नका. मृगाचा पहिला सडाका बघून अर्धवट ओलीतच पेरणारे असतात. जूनमध्ये उघडीप पडली की काळ्या जमिनीचा वरचा थर दुपारी तव्यासारखा तापतो, आणि अर्धवट फुगलेलं बी तिथंच मरतं. तारखेचा हिशेब बरोबर असून दुबार पेरणीनं तो महिनाभर पुढं गेलेला मी बघितला आहे.

बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात बी ओतून ढवळायचं. वर तरंगेल ते पोचट, काढून टाका. तळाचं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवून सावलीत वाळवा. मग किलोला ३ ग्रॅम थायरम चोळा, आणि पेरणीच्या जरा आधी अॅझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, प्रत्येकी १० किलोला २५० ग्रॅम.

तिफणीनं पेरताना बी ३ ते ४ सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. खोल गेलं की उगवायला चार-पाच दिवस जास्त, आणि तेही एकसारखं नाही. मग फुलोराही पुढं-मागं होतो, अर्धं वावर निसवलेलं आणि अर्धं पोटरीत.

महिन्याभरात नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, पुढं पान पांढरट असं दिसू लागलं तर तो हवामानाचा दोष नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत, पाणी साचलेलं नसताना, लोह मुळांना मिळत नाही. लोक केवडा पडला म्हणतात. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना मिसळून, गाळून फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. युरिया फेकून हा पिवळेपणा जात नाही.

तणाला पहिला दीड महिना डोकं वर काढू देऊ नका. पेरसाळीत पाणी उभं नसतं, त्यामुळं तण साळीच्या बरोबरीनं उगवतं. तिसऱ्या आठवड्यात कोळपणी, मग खुरपणी.

६. उभ्या पिकात तारीख तपासा

कागदावरचा हिशेब हवामान मोडतं. झड लागली, पारा उतरला, की पीक आठ दिवस मागं पडतं. खरी तारीख पिकाच्या पोटात असते.

१२० दिवसांच्या साळीत पन्नासाव्या दिवसापासून दर तीन दिवसांनी चार-पाच झाडांचा मुख्य फुटवा मुळाजवळून उपटा. पात्यानं बुडापासून वर उभा चिरा. पोकळ दांड्याच्या तळाशी, सगळ्यात वरच्या गाठीच्या डोक्यावर, एक पांढरं लवदार टोक दिसतं का बघा. मिलिमीटरभर, पिसाच्या टोकासारखं. तीच लोंबी. ती दिसली की तिथून साधारण ३० दिवसांत पीक निसवणार. मला पहिल्यांदा दिसायला अर्धी सकाळ लागली, चष्मा घरी राहिला होता.

नत्राचा दुसरा हप्ता द्यायची हीच वेळ. पहिला फुटव्यांच्या काळात. आणि यानंतर उशिरानं युरिया देऊ नका. उशिराच्या नत्रानं पान लुसलुशीत होतं, करपा रोग पकडतो आणि पोटरीला थंडी जास्त बाधते.

पुढं शेंड्याच्या शेवटच्या पानाकडं लक्ष ठेवा. त्या पानाचा सांधा, म्हणजे पान देठापासून वळतं ती जागा, त्याच्या खालच्या पानाच्या सांध्याच्या बरोबरीला आला की परागाचे नाजूक दिवस चालू झाले. हे पाच-सहा दिवस वहीत लाल पेननं लिहा. या दिवसांत जमिनीला भेग पडता कामा नये. विहीर असेल तर संध्याकाळी पाणी द्या. गार रात्री विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, ओली जमीन ऊब धरून ठेवते.

फुलोऱ्यात सकाळी ९ ते १२ फवारा नको, वावरात वर्दळ नको. फवारायचंच असेल तर चारनंतर.

फुलोऱ्यानंतर दहाव्या दिवशी दहा लोंब्या घ्या आणि दाणे चिमटीत दाबून बघा. दूध आलं तर भरतोय. दहातल्या दोन-तीन लोंब्या कोरड्या निघाल्या तर घाबरू नका. सगळ्याच निघाल्या तर लाल पेननं लिहिलेल्या तारखांसमोरचा पारा बघा, कारण तिथंच सापडेल.

७. उशीर झालाच तर

पाऊसच लांबला, तर १२० दिवसांचं वाण हट्टानं पेरू नका. पुनर्वसू, म्हणजे तरणा पाऊस, चालू असेपर्यंत १०० ते १०५ दिवसांचं वाण पेरता येतं. १० जुलैला १०० दिवसांचं पेरलंत तर फुलोरा १८ सप्टेंबरच्या सुमारास, अजून वेळेत. कमी दिवसांच्या साळीला फुटवे कमी येतात, म्हणून अशा वेळी बियाणं थोडं वाढवा. पुष्य लागल्यावर, म्हाताऱ्या पावसात, साळीचा नाद सोडा. त्या वावरात दुसरं काहीतरी घ्या. मला हे कोणी सांगितलं असतं तर टेम्पोचं भाडं वाचलं असतं.

८. उन्हाळी साळ

बिलोली, देगलूर, धर्माबादकडं तेलंगणाच्या लगत उन्हाळी साळ घेतात. तिथं सगळा खेळ उलटा होतो, सुरुवात थंडीत आणि फुलोरा उन्हात. फुलोरा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकायला हवा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोप टाकलं तर थंडीमुळं १२० दिवसांच्या वाणाला १४० लागतात, तरी फुलोरा २० मार्चच्या आसपास येतो. १० जानेवारीला टाकलेल्या रोपाचा फुलोरा एप्रिलच्या मध्यावर येतो, तेव्हा दुपार चाळिशी ओलांडते.

खरी अडचण रोपाची आहे. थंडीत रोप हलत नाही, पिवळं पडून बसतं, पंचवीस दिवसांचं रोप चाळीस दिवसांत तयार होतं. बी २४ तास भिजवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर कडबा टाकून उबेत मोड आणा. गादीवाफ्यावर रात्री प्लॅस्टिक अंथरा, सकाळी ऊन आलं की काढा. वाफ्यातलं रात्रभर गारठलेलं पाणी सकाळी सोडून द्या आणि विहिरीचं ताजं भरा. आमच्या एका पाहुण्यानं एवढंच केलं, तर त्याच्या शेजाऱ्याचं रोप चार बोटं असताना याचं वीतभर झालं होतं, आणि दोघांनी बी एकाच दिवशी टाकलं होतं.